छत्तीस पानं

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोरे पासपोर्ट मोजले.
छत्तीस पानं, शिवण, नंबर, पुढचा.
गेटवर झडती देऊन बाहेर पडायचो
तेव्हा खिशात सुपारीची पुडी आणि सायकलची किल्ली.
लोक जगभर गेले माझ्या हाताखालून,
मी जेलरोडला.

आता माझाच आला, पोस्टाने.
विशाखा म्हणाली, फोटो बघा, पोलिसात दिल्यासारखा आलाय.
मी आधी शिवण पाहिली.
धागा सरळ होता.
खैरनारची पाळी असणार.

जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरची पाठ,
तिच्यावर स्केचपेनने
बँकॉक, सिएम रीप, नोम पेन्ह, सायगाव,
होई आन, ह्वे, हानोई, लुआंग प्राबांग.
अठ्ठावीस रात्री, अठ्ठावीस मूग.
एक दाणा म्हणजे एक मुक्काम.
पंखा जोरात लावला की
हानोईच्या तीन रात्री घरंगळत
लाओसात.

“सगळीकडे ऊनच की हो,” ती म्हणते,
“त्याला एवढे पैसे?”
तिकडचं ऊन वेगळं, मी म्हणतो.
ती खिडकीतून गच्चीवरच्या कुरडयांकडे बघते.
उन्हातलं या घरात
मला काय कळतं!

रविवारी सकाळी आम्ही लेणी चढतो.
पाठीला सॅक, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ,
कारण अंगकोरच्या पायऱ्या उभ्या आहेत
असं भाच्याने, प्रबुद्धने, बजावलंय.
अर्ध्यावर तिचा डावा गुडघा बोलायला लागतो.
खाली हायवेला ट्रकांची रांग,
वर दगडात बुद्ध,
खुर्चीत बसावं तसे पाय खाली सोडून.
“यांनाही मांडी जमत नसेल,” म्हणते
आणि सॅक माझ्याकडे देते.
बँकॉकला ते आडवे झालेत म्हणे, मी सांगतो, सोन्याचे.
“मग तिथे एक दाणा जास्त ठेवा.”

रात्री हिशेब.
बात, रिएल, डोंग, किप.
दोघांच्या जेवणाला दोन लाख डोंग म्हटल्यावर
तिने चष्मा काढून ठेवला
आणि आपल्या रुपयात सांगितलं तरी
बराच वेळ घातला नाही.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो
तर टेबलाशी दिवा.
मूग सगळे वाटीत,
आणि निळ्या पेनाने एकच रेघ,
लुआंग प्राबांगहून नोम पेन्ह, तिथून खाली कान थो,
मग कागद संपेपर्यंत.
“ही एकच नदी आहे ना?”
हो. मेकाँग.
“मग उड्या कशाला मारायच्या? हिच्यासोबतच जाऊ.”

हानोई गेलं. होई आनचे कंदील गेले.
बँकॉक राहिलं, आडवे झालेत म्हणून.
अंगकोर राहिलं, गुडघ्याच्या मेहनतीला.
ह्वेसाठी मात्र मी भांडलो,
इतका, की शेजारच्या कुलथ्यांचा दिवा लागला.
तिने ऐकून घेतलं.
मग म्हणाली, “माहेर सायखेड्याचं, सासर हे.
गोदावरीचंच पाणी प्यायले दोन्हीकडे.
ती समुद्राला मिळते म्हणतात.
मी काही पाहिलं नाही.
एक तरी नदी
शेवटपर्यंत बघू द्या.”

मी दिवा मालवला.

सकाळी दारात तिचा आवाज,
“नोव्हेंबरात अठ्ठावीस दिवस दूध नको.”
“कुठे निघालात काकू, एवढे दिवस?”
“नदीवर,”
धुण्याची बादली उचलावी इतक्या सहज.

माझ्या सदऱ्याच्या खिशात तेव्हा
एक मूग होता.
ह्वेचा.