शिंक

निपाणीत नवखा माणूस ओळखायला
आम्हांला नाव विचारावं लागत नाही.
स्टँडवर उतरतो, वखारीच्या बोळापर्यंत येतो
आणि शिंकतो.
दोनदा, तीनदा, मग रुमाल काढतो.

आम्ही कोणी शिंकत नाही.
सत्तावीस वर्षं चाळणीवर बसले मी.
भुकटी केसांत, भाकरीत,
पोरं अंगावर होती तेव्हा दुधातसुद्धा असेल.
नाकानं कधी तक्रार केली नाही.
नाक शहाणं निघालं.
गळा नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर
फुलपाखरू काढून दाखवलं: ही ग्रंथी.
भोवती बॉलपेनाचे ठिपके: ह्या पेशी, तुमच्याच.
राखणदारच घरच्याला चोर समजायला लागलेत, वैजयंताबाई.
मग हसून म्हणाले,
तुमच्या भागात हे वेगळं सांगायला नको.

मी हसले नाही.
छातीत पिठाची गिरण चालू होती,
चार भाकऱ्या खाऊन वजन उतरत होतं,
कपातला चहा बशीत यायच्या आधी पदरावर.
अशा वेळी पाटी कोणत्या लिपीत आहे
ते कोण वाचत बसतं?

गोळी शिशाच्या डबीतून आली.
शिवलीला सिस्टरनं चिमट्यानं कपात सोडली
आणि चार पावलं मागं जाऊन विचारलं,
नुंगिद्रेन, अक्का?
गिळली म्हटलं.
चव कसलीच नव्हती.

मग माळ्यावरची खोली. ताट वेगळं, तांब्या वेगळा,
संडासात दोनदा पाणी.
सुनेनं जिन्याच्या तोंडाशी पाट आडवा लावला.
सानवी त्या पाटावरून चमचे फेकायची वर,
एकेक, जसं काही मी झेलणारच.
मी हात मागं बांधून उभी.

सहा महिन्यांनी गळा गप्प झाला.
गिरण थांबली, उलट आता थंडी वाजते,
मेमध्ये गोधडी घेते.
पण रक्तातले ते राखणदार वाढलेत, म्हणाले.
आधीपेक्षा जास्त.
आता कशाला? मी विचारलं. राखायचं काय उरलंय?

त्यांनी पुन्हा कागद उलटा केला,
पण मला तोवर कळलं होतं.
गेल्या साली आमच्या गल्लीतली जुनी वखार पाडली.
पहिली भिंत बसली तशी
साठ वर्षांची भुकटी एकदम उठली,
तुळयांच्या फटीतली, कौलांच्या पोटातली,
कधी कुणी न चाळलेली.
त्या दिवशी आम्हीसुद्धा शिंकलो.
चाळणीवरच्या सगळ्याजणी, डोळ्यांना पदर लावून,
एकमेकींकडं बघत,
जसं कुणी परगावचं आलंय आपल्यातच.

तसंच असणार हे.
भिंत पडली, आतलं सांडलं,
आणि झोपलेलेही उठून बसले.
वर्षभर चालेल, डॉक्टर म्हणाले. कधी जास्तही.

आता ते डोळ्यांमागं जमलेत.
बुबुळं पुढं आलीत, पापणी पुरत नाही,
रात्री ओला कपडा ठेवून निजते.
बिडीच्या धुरात बसायचं नाही, असं लिहून दिलंय.
मालक आता कट्ट्यावर जाऊन ओढतात,
परत येताना तोंड धुतात,
इतकी वर्षं जे माझ्या पाया पडून झालं नसतं
ते माझ्या डोळ्यांना भिऊन झालं.

सकाळी उपाशीपोटी गोळी, चहाला अर्धा तास.
त्या अर्ध्या तासात मी गळ्यावर बोट ठेवून बसते.
ते येत असतील का अजून?
पत्ता बरोबर, दार नाही, चौकट नाही,
नुसती मोकळी जागा,
आणि कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

सानवी आता तीन वर्षांची.
मला घुबड म्हणते, प्रेमानं.
बालवाडीला सोडताना बोळात शिरलो की शिंकते,
रोज, न चुकता.
इथंच जन्मलेली, तरी.
होईल सवय, सून म्हणते.

मी तिचं नाक पदरानं पुसते
आणि काही बोलत नाही.