फुलावर आलेलं जवस

पिवळं विमान होतं. शिकाऊ पोरांना पिवळीच देत.
पडलं तर हुडकायला सोपं, बाबा म्हणायचे,
आणि मग गप्प व्हायचे.

सस्कॅचेवानात जुलैमध्ये आभाळाला काठ नसतो.
आमचं शेत जवसाचं, ऐन फुलावर:
सकाळी निळं,
दुपारी पाकळ्या गळून नुसतं हिरवं.
तो आला सकाळी, पावणेनऊला.
वरून त्याला ते पाणी वाटलं का,
हे मी कुणाला विचारू?

लेस्टर हॅडलो. वय एकोणीस.
गाव न्यूझीलंडातलं, जिथे, तो म्हणाला होता,
कुठल्याही खोलीत समुद्र ऐकू येतो.
आदल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये
आईचे बटाट्याचे वारेनिकी त्याने अकरा खाल्ले,
आणि माझं नाव, ओरिसिया, तीनदा चुकवलं.
चौथ्यांदा मीच म्हटलं, चालेल.

शत्रू नव्हता. शत्रू समुद्रापलीकडे होता.
होती ती एक गिरकी, शिकवलेली, घोटून घेतलेली,
आणि तिच्यासाठी लागणारी उंची,
जी त्या सकाळी त्याच्याकडे नव्हती.

बाबा हातातल्या विळ्यासकट धावले.
विळ्याचं तिथे काय काम?
पट्टे कापायला लागला.

सप्टेंबरात त्याच्या आईचं पत्र आलं.
घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, अकरा वर्षांची.
कसं झालं, हे तिने विचारलंच नव्हतं.
विचारलं होतं, हवा कशी होती
आणि शेतात काय पेरलं होतं.

'लिही, लगेच गेला. त्रास झाला नाही.'
मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे पाहत होते.
मी लिहिलं.
वीस मिनिटं लागली होती.
मी त्याचा हातमोजा धरून उभी होते.

खाली माझ्या मनाने एक ओळ जोडली:
'जवस होतं, बाई. फुलावर आलेलं.'
पाकिटात मूठभर बी घातलं.
हवेचं लिहायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी बाबांनी तिथेच पेरलं.
शेजारचा ओस्ताप रागावला: तेवढी जागा तरी सोड.
बाबा म्हणाले, जमीन कुणाचं सुतक पाळत नाही.
पण त्या तुकड्यावर त्यांनी यंत्र नेलं नाही,
हातानेच बी फेकलं.

तिचं कार्ड यायचं दर नाताळाला. बावीस वर्षं.
तिकडे तेव्हा उन्हाळा.
'यंदाही आलं,' एवढंच.
एकदा: 'वाऱ्याने झोपवलं, पण आलं.'
मग यायचं थांबलं.

आता मी एक्याण्णव वर्षांची.
दगडावर त्याचं नाव आहे, हुद्दा आहे, तारीख आहे,
पावणेनऊ नाही.
परवा नातवाला म्हटलं, ने मला.
शेतात हल्ली कॅनोला असतो, मोहरीचा भाऊ,
बांधापासून बांधापर्यंत पिवळा,
अगदी तोच पिवळा.
कडेच्या चरात मात्र चार-दोन रोपं जवसाची,
कुणी न पेरलेली.

दुपार होईस्तोवर बसले.
पाकळ्या गळायला लागल्या तेव्हा नातू म्हणाला,
'आजी, वारा तर नाही.'

तेव्हाही नव्हता.