रवानगी

दापोलीच्या डेपोत एकवीस वर्षं
मी गाड्या सोडतोय.
दाभोळ वस्ती, हर्णै जादा, बोरिवली रातराणी,
वेळा झोपेतही पाठ.
स्वतः मात्र पनवेलच्या पुढे चारदाच गेलोय.

आता जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर
आईचा उमरा मांडतोय.
गुरुवारी रात्रीची गाडी धरली
तर शुक्रवारी पहाटे मुंबई.
विमान दुपारी. मध्ये नऊ तास.
नऊ तास ती पाय कुठे पसरेल?
कुर्ल्याला, रुकय्याकडे.
रुकय्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
खोडलं.

चिपळूणचा एजंट इसाक हमदुले म्हणतो,
हॉटेल हरमपासून आठशे मीटर.
मी विचारतो, चढ किती?
तो हसतो, "मुकादम, चढ कुणी विचारत नाही."
ज्यानं पावसाळ्यात घाटातून गाड्या मागे बोलावल्यात
तो चढच विचारतो.
आईचा डावा गुडघा मीटरवर चालत नाही.

काबाभोवती सात फेरे,
मग सफा ते मरवा सात खेपा.
म्हणून रोज फजरनंतर तिला जेटीपर्यंत चालवतो.
पहिल्या दिवशी सुक्या मासळीच्या ओट्यावरच बसली.
विसाव्या दिवशी फेरीबोटीचा तिकिटवाला ओरडला,
"काय चाची, धोपाव्याला?"
"लांब जातंय," ती म्हणाली,
"तुजी बोट नाय पोचायची."

पासपोर्टवर हुर्मतबी, आधारवर हुर्मत बी.
त्या एका मोकळ्या जागेपायी
सहा आठवडे गेले.

मग बोटांचे ठसे.
यंत्र लाल. पुसून पुन्हा लाल.
तीस वर्षं काजूच्या कारखान्यात
टरफलाच्या तेलानं रेषा खाऊन टाकलेल्या.
अंगठा नाही, तर्जनी नाही, मधलं नाही.
आई हात उलटासुलटा बघत बसली :
"माज्या बोटांवर अल्लानं काय लिवलाच नाय काय रं?"
इसाकनं ग्लिसरीन चोळलं, फुंकर मारली,
आणि डाव्या करंगळीवर
यंत्र हिरवं झालं.
कारखान्यात करंगळीला काही काम नव्हतं.

बिनवासाचा साबण.
पट्ट्याच्या चपला दोन जोड, एक हरवणारच.
लसीचं कार्ड, गोळ्या चिठ्ठीसकट.
रियाल थोडे तिच्या बटव्यात, थोडे माझ्या मोज्यात.
भाजलेल्या तांदळाचं पीठ, कारण तिकडचं तिला मानवलं नाही तर.
सुकटीची पुडी मी बाहेर काढली.
तिनं परत घातली.
मी परत काढली.

माझा एहराम धुऊन आवारात वाळत घातला,
खाडीच्या वाऱ्यानं फुगला.
शेजारचं पोर विचारतं, "चाचा, शीड शिवताय?"
हे शिवायचं नसतं रे बाबा,
एवढंच तर त्याचं.

जायच्या आधी आई घरोघर फिरली,
कह्यासुन्याची माफी मागत.
मासळीवालीचे चाळीस रुपये दिले,
जे मासळीवालीला आठवतही नव्हते.
गडग्यापलीकडच्या जैतूनकाकीकडे तेवढी गेली नाही.
दोन माडांवरून अकरा वर्षं अबोला.
ते माडही मागल्या वादळात पडले.
मी काही बोललो नाही. माझ्या यादीत ते नव्हतं.

बुधवारी कामावरून आलो तर घर उघडं,
काठी दाराशी, आई नाही.
अंधार पडल्यावर आली,
गडग्याला वळसा घालून नव्हे,
जिथं चिरे ढासळलेत तिथून, त्या गुडघ्यानं.
"काय म्हणाली?"
"पाणी दिलान."
"चहा नाही?"
"पाणी म्हटला ना."
मग बराच वेळ पाय चोळत बसली.

रात्री मी बॅग काट्याला लावली.
आतून आवाज आला :
"येताना जमजमची एक बाटली जादा.
जैतूनच्या नावाची. लिव तुज्या वहीत."
लिहिली.
मग परतीच्या वजनाची बेरीज
पुन्हा पहिल्यापासून मांडली.