जांबोटीला समुद्र

शिमग्याचा गुलाल अजून कट्ट्याच्या फटीत आहे
आणि सकाळी दुकानाचं शटर वर केलं
तर समोरचा पिंपळ नाही.
पिंपळ नाही, स्टँड नाही,
स्टँडवरची पाटी नाही.
ती कुठल्या भाषेत असावी
हा प्रश्नसुद्धा आज कुणाला दिसेना.

लाइट पहाटेच गेलेली.
झेरॉक्सचं मशीन व्यालेल्या म्हशीसारखं गप्प,
त्याच्यावर मी जुनी चादर टाकली.
आज कुणाचा उतारा नाही, कुणाचं आधार नाही,
"दोन्ही बाजू काढ गं,
जरा काळं येऊ दे,"
काही नाही.

कणकुंबीकडची पावणेआठची गाडी
सव्वानऊला आली.
आधी तिचा खोकला,
मग दोन पिवळे डोळे,
मग बऱ्याच वेळानं उरलेली गाडी.
ड्रायव्हर शिवलिंगप्पा हात चोळत उतरला,
"भाळ मंजु बिद्दैत्री, अक्का."

कानडीत धुक्याला मंजु म्हणतात
हे मला चौथीपासून माहीत आहे,
तरी दर वेळी वाटतं
कोणीतरी मंजू पडली. खूप पडली.

होती एक. मंजुळा गुंजीकर, सातवी ब.
खोखोत सारखी पडायची,
गुडघ्याला कायम ते जांभळं औषध.
लग्न होऊन कारवारला गेली,
तिथून एकच पत्र आलं:
"इथं समुद्र रोज असतो.
रविवारी पण."

मी समुद्र एकदा बघितलाय.
मिरामारला, शाळेच्या सहलीत.
घाटात उलट्या झाल्या होत्या,
डोकं गुडघ्यात घालून वाळूत बसले,
तो मागे काहीतरी बोलत होता.

दहाला पोंऽ पोंऽ करत इनास आला,
स्कूटरवर बर्फाची पेटी, भुवयांवर पाणी.
विचारलं, घाटात किती आहे रे?
"सगळो घाट भरला गो बाये.
दर्यासावन चडून येता."

म्हणजे हे त्याचंच.
एवढी वळणं चढून,
चोर्ल्याचं नाकं न थांबता ओलांडून,
वरपर्यंत.

कुणी बघत नाही असं बघून
मी ओठांवरून जीभ फिरवली.
खारट नव्हतं.
थोडं काजूच्या मोहोराचं,
थोडं कुणाच्या तरी न्हाणीच्या धुराचं.
चार बांगडे घेतले, पाचवा त्यानं असाच टाकला.

मग कालमण्याचा म्हातारा आला, भरमाणी गावडा,
प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड.
"लाइट कवा येतली?"
"काय की."
"मग बसतो की."
बसला.

आम्ही दोघं बाकावर,
मधे पिशवी.
एक शेळी धुक्यातून अर्धी बाहेर आली,
विचार बदलून परत गेली.
वरून ककणेर गेला, दिसला नाही,
नुसते पंख, कुणी जाड सतरंजी झटकावी तसे.
पत्र्यावरून थेंब पडत होते,
पाऊस नसलेले थेंब,
एक पडला की दुसरा
विचार करायला वेळ घेत होता.

हॉटेलातून चहा आला, कुणी आणला कळलं नाही,
हात तेवढा आला.

अर्ध्या तासानं म्हातारा म्हणाला,
"बरं दिसायलंय."
मी समोर बघितलं.
काहीच दिसत नव्हतं.
"होय की," म्हटलं.

मंजूला आता नातवंडं असतील,
किंवा नसतील.
तिच्या खिडकीत आज समुद्र नसेल,
इकडं आलाय म्हणून सांगावं
तर नंबर नाही.

बारानंतर पिंपळाचा शेंडा आला,
कोवळ्या तांबूस पानांसकट, ओला,
नुकता कुणी आणून ठेवल्यासारखा.
मग पाटी आली. मग शिवलिंगप्पाचा हॉर्न.
म्हातारा उठला, "उद्या येतो," म्हणाला,
कार्ड बाकावरच राहिलं.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि मिटलं. उद्या येईल की.

आत चादरीखाली
मशीननं हिरवा डोळा उघडला.
मी बघितलं नाही असं केलं.