शेरा

बडोद्यात, विद्यापीठाच्या पर्णसंग्रहात
माझं काम अक्षराचं.
कुळ, जाती, स्थळ, दिनांक, संग्राहक.
तळाला शेवटचा रकाना : शेरा.
तिथे मी आडवी रेघ मारते.
सव्वीस वर्षं.
साहेब म्हणायचे, घोरपडेबाई, तुमची रेघसुद्धा वळणदार.

दिवाळीआधी चुना द्यायला माणसं आली.
कपाटं भिंतीपासून ओढली तर मागे निघाली
एक वाळलेली पाल, टाचण्यांची डबी
आणि अठ्ठावन्न सालचा पळस,
कागदासकट दुमडलेला.
मी तो टेबलावर सरळ करत होते.
शिडीवरून आवाज आला : खाखरो.

आमच्याकडे खाखरा म्हणजे डब्यातला,
चहाबरोबर मोडायचा.
मी हसले. ती खाली उतरली.
झमकूबेन राठवा. गाव कवांटच्या पलीकडे.
नखांच्या कडा चुन्यानं खाल्लेल्या.

कागदावर तीन पानं
(पळसाला पानं तीनच, एवढं मलाही पाठ),
फुलं उडून उडून चहाच्या डागाएवढी.
तिनं कागद उजेडाकडे धरला,
उलटा करून मागून पाहिला.
"मूळ कुठंय?"

झाडाचं मूळ घेत नाहीत, बेन, मावत नाही.

तिनं हातातली कुंची माझ्या नाकापुढे धरली.
"आ जो."
कोवळं मूळ उकरायचं, दगडावर ठेचायचं,
धुवायचं, परत ठेचायचं,
तंतू मोकळे होईतो.
त्याचाच दोर बैलाला, त्याचीच कुंची भिंतीला.

म्हणजे आमच्याकडे नसलेला नमुना
सकाळपासून आमच्याच भिंतींवरून फिरत होता.

मग मी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला,
तिनं पदर नाकाला लावला आणि बोलत सुटली.
कंत्राटदार दोनदा हाक मारून गेला.

मोहाच्या कागदावर फुलं होती, ती म्हणाली डोळी.
मी डोळे ऐकलं.
डोळी म्हणजे बी. जेठात वेचायची, फोडायची, घाण्याला द्यायची.
तेल थंडीत थिजतं, बोटानं काढावं लागतं,
आणि त्यात तळलेल्याला
काय वास येतो ते तिला सांगता आलं नाही,
तिनं नुसते डोळे मिटले.

आपट्यापुढे मीच घाईनं म्हणाले, हे आमचं सोनं, दसऱ्याचं.
"पान?" तिला नवल वाटलं.
पान बकरी खाते. साल सोलायची.
तिच्या दोन्ही पोरींची झोळी
त्याच सालीच्या दोरावर हलली होती.

कडूकंदाचा नुसता वेल होता, पानं हृदयाच्या आकाराची,
असं मीच कधीतरी लिहिलेलं.
"आणि खायचं ते मातीतच सोडून आले?"
चकत्या करायच्या, राखेत चोळायच्या,
टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या रात्रभर.
पाणी कमी पडलं तर जीभ सुजते.
कुणी शिकवलं तुला?
"जिची सुजली तिनं."

जाताना मी ती कुंची मागितली.
झिजलेलीच होती, बोटभर.
कागदावर शिवते म्हटलं, तुझं नाव लिहिते, संग्राहक म्हणून.
ती कुंचीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"अन् उद्या भिंतीला काय, तुझा कागद फिरवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांचं काम अलकापुरीत कुठंतरी होतं.
कपाटं परत सरकवताना
ओल्या चुन्यात एक तंतू अडकलेला दिसला,
केसाहून जाड, तांबूस.
नखानं ओढला, निघेना. पोपडा आला असता.
मी तो तसाच राहू दिला, कपाट जागेवर लावलं

आणि पळसाच्या कागदावर
तळाच्या रकान्यात
रेघेऐवजी लिहिलं :
मूळ – कपाट चौथे, मागची भिंत पाहावी.