पेट्रोलची वही

धावपट्टीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडात
सोळा वर्षं मी विमानांना निळं पेट्रोल पाजतो.
हिरव्या वहीत तीन रकाने : तारीख, विमान, लिटर.
आखणी माझीच,
काडेपेटीच्या कडेनं.

बाप पायलीनं धान मोजायचा.
पहिल्या मापाला एक म्हणत नसे, लाभ म्हणे.
मग दोन, मग तीन.
माझ्या मापाला लाभ चालत नाही.
ज्या दिवशी काहीच गेलं नाही
त्या दिवशी शून्य घालतो.
कुणी सांगितलं नव्हतं.
रिकामा रकाना बघवत नाही, एवढंच.

मग वरून परिपत्रक आलं :
शिकाऊ पायलटचा प्रत्येक तास
पेट्रोलच्या हिशेबाशी जुळला पाहिजे,
मागच्या तीन वर्षांचासुद्धा.
पंखा पाचावर, तरी
मोठ्या साहेबांची कॉलर भिजलेली.

तपासणीच्या बाई, सोनटक्के आडनावाच्या,
उलट्या ड्रमवर बसल्या.
एका मांडीवर पोट्ट्यांची लॉगबुकं,
दुसरीवर माझी वही, तेलकट, उंदरानं कुरतडलेली.
बोट थांबलं.
"ह्या तारखेला चार तास उड्डाण.
तुमच्याकडे शून्य. नक्की?"
"पोळा होता मॅडम.
त्या दिवशी कोनाच्याच खांद्यावर जू ठेवत नाही आमी.
मी तं विमानाच्या नाकाले झेंडू बांधला होता.
दोरानं बांधून उभंच होतं ते, दिवसभर."
त्या हसल्या नाहीत.
लिहून घेतलं : पोळा.

शाळा पाच महिने बंद.
पगार अर्धा.
फाट्यावरच्या हिरामण पटलेच्या हॉटेलात
भजी तळणं थांबलं. मला म्हणाला,
"दोन आकडे टाकले असते तं
हात झडला असता का बे तुया?"
उत्तर दिलं नाही. आजही नाही माझ्याकडे.

पण रात्री दिसायचा
तो गॉगलवाला पोट्टा, शंभर तास कागदावरचे,
पाठीमागे दीडशे माणसं, पेंगलेली लेकरं,
समोर काळं आभाळ,
आणि हाताला आठवत नाही ते
जे हातानं कधी केलंच नाही.

कार्तिकात शाळा उघडली.
शर्वरी नंदेश्वरचे बावन्न तास रद्द झाले होते.
पुन्हा फी भरायला बापानं लाखनीचा प्लॉट विकला.
ती माझ्याकडे बघत नाही.
मी टाकी भरतो, झाकण दोनदा पिळून पाहतो.

वर गेल्यावर मास्तर मुद्दाम इंजिन पाडतात.
आवाज जातो.
बांधीत धान कापणाऱ्या बाया
कंबर सरळ करून उभ्या राहतात, हातात विळे तसेच.
मी नळी हातात धरून मोजतो,
लाभ, दोन, तीन, चार…
अकराला घरघर परत येते.
बाया वाकतात.

उतरल्यावर ती शेडात येते.
वहीत आता चौथा रकाना आहे, सहीचा.
"काका," म्हणते, पाच महिन्यांत पहिल्यांदा,
"हा पेन चालत नाही."
मी खिशातला देतो.