बकरीच्या तोंडचं

गच्चीवर सावद्याच्या वेफरवाल्याकडची केळीची सालं,
वैशाखात दोन दिवसांत काळी, कडक.
आई म्हणते, "बकरीच्या तोंडचं कायले हिसकते वं?"

पूड चाळली. नळीत बोटभर थर.
वरून दादांच्या प्लेटिंगच्या हौदातलं पाणी,
निकेलचं, हिरवंगार;
याच पाण्याची खाज
अठरा वर्षं त्यांच्या मनगटांना झोपू देत नाही.

थेंब उतरतात. दादा पेला उन्हासमोर धरतात.
"अजून हिरवट आहे."
आहे. पण कालच्याहून कमी.

संध्याकाळी ओली पूड डब्यात भरली,
झाकणावर लाल फुली.
हा डबा कुठे न्यायचा,
वहीत ते पान कोरंच आहे.

बकरी जिना चढून आलीय,
मान लांबवून हुंगतेय.
तिला कसं सांगू,
हे साल आता केळीचं नाही?